ताप नव्हता

ताईच्या भावाच्या घरी एक भोंगा होता. भोंगा म्हणजे भावाची बायको. हे नाव ताईनेच ठेवलं होतं, आणि ते इतकं चपखल बसलं की सासूपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी ते उचललं. भावजयीच्या कानावर ते पहिल्यांदा पडलं तेव्हा ती हसली होती. पुढे हसायची थांबली. ओरडायची मात्र थांबली नाही.

तिला गप्प बसताच येत नसे. गॅसचा वास येतोय का बघा. मोरीत ओलं आहे, जपून. त्या प्लगमधून मघाशी ठिणगी उडाली, हात लावू नका. कुणी दोनदा शिंकलं की हिचा हात त्याच्या कपाळावर. ताई स्वयंपाकघरात पाऊल टाकायची तेव्हा ओट्यावरच्या कपाटाचं दार हमखास उघडं असायचं, आणि डोकं तिथवर पोचायच्या आत आवाज यायचा, "ताई, डोकं!" ताई वाकायची आणि वैतागायची. दहा वेळा ओरडली तर नऊ वेळा काही नसायचं, हे खरं. दहाव्या वेळेचं मात्र त्या घरात कुणी नाव काढत नसे. तो प्लग पुढे वितळला, आणि भिंत काळी झाली, तेव्हा भाऊ म्हणाला होता, "हिच्याच तोंडाला यश आलं."

ताईचं म्हणणं घरात शेवटचं असे. कारण ताई डॉक्टर होती. आता डॉक्टर म्हणजे नाडी बघणारी नव्हे. प्रबंध लिहून झालेली. पण हा फरक घरच्यांना कळत नव्हता, आणि ताईने तो समजावून सांगणं कधीच सोडून दिलं होतं. सुरुवातीला कंटाळून सोडलं. नंतर तिला ते बरं वाटायला लागलं म्हणून. नातेवाइकांचे फोन यायचे, अंगावर पुरळ उठलंय, खोकला जात नाही. ताई भारदस्त आवाजात उत्तरं द्यायची. आईचं ठरलेलं वाक्य होतं, "घरात डॉक्टर असताना बाहेरच्याला कशाला विचारायचं?"

दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत ताई पेशी वाढवायची. चपट्या बाटल्या, त्यात गुलाबी पाणी, आणि तळाला चिकटून बसलेल्या पहारेकरी पेशी. या पेशींच्या अंगावर बारीक खाचा असतात. आपल्या शरीरात कधीच न सापडणारा, पण जंतूंच्या कवचात हमखास असणारा तुकडा त्या खाचेत येऊन बसला की पेशी ओळखते, हे आपल्यातलं नाही. कोण, कुठला, नाव-गाव काय, हे ती विचारत बसत नाही. आधी बोंब ठोकते. त्या बोंबेने जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पाणी झिरपतं, बाकीच्या पेशी धावत येतात. मग ती जागा लाल होते, गरम होते, सुजते, ठणकते. बोंब दूरवर पोचली की ताप चढतो. ताईचं यावरचं व्याख्यान प्रसिद्ध होतं. "सूज म्हणजे आजार नव्हे," ती सांगायची, "सूज म्हणजे हाक. हाक मारणाऱ्याचा गळा धरू नका." विद्यार्थी हे वाक्य वहीत उतरवून घेत.

पुढच्या भागात ती बाटलीत एका औषधाचा थेंब टाकून दाखवायची. मग जंतूंचे तेच तुकडे कितीही ओता, पेशी मुक्या. तुकडे असतात, खाचेत बसतातही. बोंब तेवढी उठत नाही. हा प्रयोग तिने इतक्या वेळा केला होता की आता ती तो नवख्यांवर सोपवायची. आणखी एक गंमतही ती सांगायची. औषध नको, काही नको. पेशीला ते तुकडे रोज थोडेथोडे देत राहिलं तर ती आपण होऊनच गप्प होते. पुढे खरा हल्ला आला तरी ढिम्म. हे एकदा तिने भावाच्या घरी जेवताना सांगितलं आणि भावजयीकडे बघून म्हणाली, "आम्ही इतकी वर्षं प्रयत्न करतोय, पण आमच्या भोंग्यावर काही हे चालत नाही." सगळे हसले. आई तर ठसका लागेपर्यंत हसली. भावजयीने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि म्हणाली, "सावकाश, आई."

आईचे सांधे गेले होते. हातांची बोटं वाकडी, सकाळी मूठ उघडायची नाही. तिच्याच पहारेकऱ्यांची मती फिरली होती आणि ते घरच्यांवरच तुटून पडत होते. भावजय तिचे केस विंचरायची, बटणं लावायची, घास भरवायची, आणि बदल्यात टोमणे खायची. "विंचरतेस की उपटतेस?" "हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी?" आईचं तोंड मात्र शेवटपर्यंत शाबूत राहणार, असं भाऊ म्हणायचा.

मग ताईने हालचाल केली. ओळखीच्या मोठ्या डॉक्टरांकडे आईला नेलं, आणि त्यांनी गोळ्या सुरू केल्या. बाटलीतल्या त्या थेंबाच्याच जातीचं औषध. आठवडाभरात आईची मूठ उघडली. पुढे ती स्वतःचे केस स्वतः विंचरू लागली, खिडकीपर्यंत चालू लागली. भेटेल त्याला ती हात उघडमीट करून दाखवायची, "माझ्या लेकीने दिले हे हात मला." भावजय मागे उभी राहून ऐकायची. ताईने आईसाठी नव्या चपला आणल्या, चांगल्या, टाचेमागे पट्टा असलेल्या, कारण आता आई चालणार होती.

तिथून निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "या गोळ्यांवर असताना काहीही वेगळं वाटलं तर लगेच घेऊन या. काहीही. वाट बघू नका." भावजयीने विचारलं होतं, "काहीही म्हणजे काय, डॉक्टर?" त्यावर घरी आल्यावर ताईने तिला समजावून सांगितलं, अगदी बोटांवर मोजून. लाल होणं, सुजणं, गरम लागणं, दुखणं, आणि ताप. "यातलं काही दिसलं तर फोन करायचा. उगाच ऊठसूट नाही."

डॉक्टरांनी 'काहीही' म्हटलं होतं. ताईने त्या काहीहीची यादी केली, आणि यादीत नेमकं तेच घातलं जे त्या गोळ्या दिसू देत नाहीत. हे दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसतं. अडाणी माणसाने घाबरून आईला उचलून दवाखान्यात नेलं असतं. ही चूक करायला एवढं शिकावं लागतं.

भावजयीचा फोन आला तेव्हा ताई पेशींना नवं पाणी देत होती. ती हातमोजे काढून बाहेर आली, आधीच त्रासलेली.

"ताई, आईंचं काहीतरी बिनसलंय."

"काय झालं?"

"तेच कळत नाही. परवापासून मला काही बोलल्याच नाहीत."

"भांडलात का?"

"नाही हो. टोमणा मारला नाही. आज चहात साखर घालायलाच विसरले मी, तर तसाच पिऊन टाकला."

ताईला हसू फुटलं. "अगं, मग नशीब समज तुझं!"

"हसू नका ना. टाचेला त्या नव्या चपलेने घासलंय. छोटीशीच जखम आहे. पण मोज्याला वास येतोय."

"लाल झालंय?"

"नाही."

"सुजलंय? गरम लागतंय?"

"नाही. उलट पाय गार आहे."

"दुखतंय म्हणते का?"

"नाही म्हणतात. विचारलं तरी नुसत्या बघतात माझ्याकडे."

"ताप?"

"नाही. मघापासून चारदा बघितला."

"मग झालं तर. जखम धू, मलम लाव, मोजा बदल. टोमणा मारला नाही हे काय आजाराचं लक्षण आहे?"

 मग भावजय म्हणाली, "ताई, डॉक्टर म्हणाले होते काहीही वेगळं वाटलं तर या. मला वेगळं वाटतंय. हे फिरतीवर आहेत. म्हणाले, ताईला विचार, ती म्हणेल तसं कर. तुम्ही फक्त हो म्हणा, मी रिक्षा बोलावते."

आत टेबलावर बाटल्या उघड्या होत्या. ताईचा आवाज चढला. "तुला रोजच काहीतरी वेगळं वाटतं. त्या बिचारीला उचलून उगाच कशाला हेलपाटे घालायला लावतेस? कधीतरी गप्प बसायला शीक. ताप आला तरच फोन कर."

"बरं," भावजय म्हणाली.

आणि खरंच गप्प बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने कुणाचं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने तिला ओळखलं नाही, तेव्हा तिने कुणालाही न विचारता ॲम्ब्युलन्स बोलावली. ताप तेव्हाही नव्हता.

ताई पोचेपर्यंत आईला नळ्या लावल्या होत्या. भाऊही फिरतीवरून थेट आला होता. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई थकलेल्या होत्या पण नीट बोलत होत्या. टाचेची जखम वरून छोटी दिसत असली तरी आत हाडापर्यंत गेली होती, तिथून जंतू रक्तात गेले. "या गोळ्यांवरच्या माणसाला कधीकधी ताप..." त्यांनी सुरुवात केली, आणि ते वाक्य संपायच्या आत ताईला पुढचं सगळं दिसलं. ती बाटली, तो थेंब, तळाला चिकटलेल्या मुक्या पेशी. हजारदा पाहिलेलं. आईच्या अंगातही त्याच पेशी आहेत हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तिने तसं कधी बघितलंच नव्हतं. बाटली ती बाटली आणि आई ती आई.

आई दुपारी गेली. गारच होती, आणखी गार झाली.

बाहेरच्या बाकावर तिघं बसली होती. डॉक्टरीणबाई कागदावर सही घ्यायला आल्या आणि जाता जाता त्यांनी विचारलं, "आधी कुणाला काही वेगळं जाणवलं नव्हतं का?" त्यांनी सहज विचारलं होतं, त्यांना दोष द्यायचा नव्हता. पण त्या निघून गेल्या तरी प्रश्न तिथेच राहिला.

भाऊ बायकोकडे वळला. त्याचे डोळे सुजले होते. "तू दिवसभर तिच्याजवळ होतीस. मी तुला म्हटलं होतं ना, ताईला फोन कर म्हणून? केला होतास?"

 भावजयीने ताईकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, गाऱ्हाणं नव्हतं. ती नुसती वाट बघत होती, जसा एखादा आपली पाळी संपवून दुसऱ्याला जागा देतो तशी. बोलणं आता ताईचं होतं. चार शब्दांचं काम होतं, मीच नको म्हटलं तिला.

ताईच्या घशाशी ते शब्द आलेही. पण समोर भाऊ होता, ज्याने आयुष्यभर तिचा शब्द खाली पडू दिला नव्हता. आणि आत आई होती, लेकीने दिलेले हात छातीवर घेऊन. ताई म्हणाली, "केला होता. मी विचारलं ताप आहे का. नाही म्हणाली."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ते पाप इतकं नीट वठलं.

भाऊ बायकोवर ओरडला. दवाखान्याचा विचार न करता ओरडला. "एरवी कुणी शिंकलं तरी घर डोक्यावर घेतेस! आणि माझी आई मरत होती तेव्हा तोंडात काय बोळा कोंबला होतास?"

भावजयीचं तोंड उघडलं. मग मिटलं. त्यानंतर ते तसं पुन्हा उघडल्याचं कुणी पाहिलं नाही.

भेटायला येणाऱ्यांत हे वाक्य फिरत राहिलं, भोंगा ऐन वेळी वाजला नाही. कुणी हळहळून म्हणायचं, कुणी चघळून. ताई ते ऐकायची आणि चहाचे पेले गोळा करायच्या निमित्ताने आत जायची. परत आपल्या शहरात गेल्यावर तिने व्याख्यानं चालू ठेवली. 'हाक मारणाऱ्याचा गळा धरू नका' हे वाक्य मात्र ती गाळू लागली. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही, आणि याचंही तिला वाईट वाटलं.

रोज तिला वाटायचं, भावाला फोन करावा. रोज एक कारण सापडायचं. त्याचं दुःख ताजं आहे. फोनवर सांगण्यासारखं नाही. आता सांगून आई थोडीच परत येणार? आणि सगळ्यांत नीच कारण शेवटी यायचं, भावजय काही बोलली नाही म्हणजे तिने सोडून दिलं असेल. दुसऱ्याच्या गप्प बसण्यावर माणूस किती आरामात निजतो!

पण ताई निजत नव्हती, एवढं तिच्या बाजूने म्हणायला हवं. काही महिन्यांनी ती निघाली. आईचं कपाट आवरायचं निमित्त होतं. मनाशी पक्कं ठरवलं होतं, आज भावाला समोर बसवून सांगायचं आणि त्याच्यासमोर भावजयीची माफी मागायची. रस्ताभर ती वाक्य घोकत आली.

दार भावजयीने उघडलं. "या," म्हणाली. पाणी दिलं. घर लखलखीत होतं आणि त्यात आवाज असा नव्हता. बाहेरच्या खोलीत भाऊ खुर्चीत डोळे मिटून बसला होता. "दमलेत," भावजय म्हणाली आणि आत गेली.

ताई तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. एकटीशी आधी बोलावं, असं तिला वाटलं. ओट्याशी वळली आणि कपाटाच्या उघड्या दाराचा कोपरा खाडकन कपाळावर बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती भिंतीला धरून उभी राहिली.

भावजय शेजारीच उभी होती. हातात कप होता. तिने ताईला येताना पाहिलं होतं, दार पाहिलं होतं.

"लागलं का?" ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं, कुजकेपणाही नव्हता. तिने दार लावून घेतलं आणि चहा गाळायला लागली.

ताईच्या कपाळावर टेंगूळ उठू लागलं. लाल, गरम, ठणकणारं. तिने त्यावर बोटं दाबून धरली आणि घोकलेलं वाक्य सुरू करायला तोंड उघडलं. बाहेरून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

भावाच्या हातातून चष्मा गळून पडला होता. तो उचलायला तो वाकलाही नव्हता. ताई जवळ गेली तेव्हा तिला तो नीट दिसला. सदरा खांद्यांवरून ओघळला होता. मनगटं काटकुळी. चेहऱ्याला राखेचा रंग. समोरच्या ताटलीतलं बिस्किट एकदा चावून ठेवलेलं.

"ताई, कधी आलीस?" तो म्हणाला, आणि उत्तराआधीच त्याचे डोळे पुन्हा मिटले.

"हा असा कधीपासून आहे?" ताईने विचारलं.

भावजय ट्रे घेऊन दारात उभी होती. "असे म्हणजे?"

"असा! वाळलाय किती. बसल्या जागी झोपतोय. खाणं नाही. तुझ्या लक्षात आलं नाही?"

"आलं ना."

"मग? कुणाला दाखवलंत? मला कळवलं का नाहीस?"

भावजयीने ट्रे टेबलावर ठेवला. एक कप ताईच्या बाजूला सरकवला, कान ताईच्या हाताकडे येईल असा. मग ती शांतपणे म्हणाली, "ताप नाही, ताई."

 ताई भावाच्या पायाशी जमिनीवरच बसली. "अगं, मी आज तेच सांगायला आलेय," ती म्हणाली. "त्याला सगळं सांगते. मी नको म्हटलं होतं तुला, माझंच चुकलं. माझ्यावर ओरड हवं तर. पण तुला काय वाटतंय ते सांग. तुला आधी कळतं. काय झालंय याला?"

भावजयीने खाली पडलेला चष्मा उचलला, पदराने पुसला आणि टेबलावर ठेवला.

"मला काय कळतंय त्यातलं?" ती म्हणाली. "घरात तुम्ही डॉक्टर आहात. तुम्हीच बघा."

ताईने हात वर केला आणि भावाच्या कपाळावर ठेवला. कपाळ गार होतं.